तिकालचे माया अवशेष गाइडसोबत पायी कसे पाहावेत

अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांची माया संस्कृतीशी पहिली गाठ मेक्सिकोतल्या कानकूनच्या सुट्टीत पडते. चार दिवस समुद्र आणि मध्ये एक दिवस बसने चिचेन इत्सा. भर दुपारी उतरायचं, दोरीच्या अलीकडून पिरॅमिड बघायचा, टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकायचा, फोटो काढून परत. एवढ्याने ज्यांचं समाधान झालं नाही, त्यांनी ग्वाटेमालाच्या उत्तरेला पेतेनच्या जंगलात तिकालला जावं. हे शहर पायीच बघावं लागतं. दोन देवळांच्या मधे दहा-पंधरा मिनिटांचं दाट रान आहे, आणि त्या रानातल्या बऱ्याचशा टेकड्या म्हणजे अजून न उकरलेल्या इमारती आहेत.

तिकाल १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९७९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं, तेही संस्कृती आणि निसर्ग अशा दोन्ही निकषांवर. उद्यान जवळजवळ ५७५ चौरस किलोमीटरचं आहे. शहराच्या मधल्या १६ चौरस किलोमीटरच्या भागात तीन हजारांहून जास्त बांधकामांची नोंद आहे. पर्यटक बघतो ते त्यातलं बोटावर मोजण्याएवढं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या सहलीत काटकसर करायची असेल तर हॉटेलवर करा, गाइडवर करू नका. आणि कुठल्या क्रमाने फिरायचं हे गाइडशी आत शिरण्याआधी ठरवा. या दोन गोष्टी नीट जमल्या तर बाकीचं आपोआप जमतं.

१. पोचायचं कसं, जायचं कधी

तिकालचं दार म्हणजे पेतेन इत्सा तलावातलं फ्लोरेस हे छोटं बेट आणि त्याला पुलाने जोडलेलं सांता एलेना. ग्वाटेमाला सिटीहून सांता एलेनाच्या मुंडो माया विमानतळावर तासाभरात पोचता येतं. रात्रीच्या बसला आठ ते दहा तास लागतात. बेलीझ फिरत असाल तर सान इग्नासिओहून मेल्चोर दे मेंकोसची सीमा ओलांडून रस्त्याने येता येतं, आणि बरेच जण तसंच करतात.

भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाचा नियम ग्वाटेमालाच्या दिल्लीतल्या दूतावासाकडून तिकिटं काढण्यापूर्वी विचारून घ्या. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर सवलत मिळते का, हेही त्यांनाच विचारा. भारतातून निघून अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच, हे शेवटच्या क्षणी लक्षात येणारी मंडळी दरवर्षी भेटतात.

कोरडा हंगाम साधारण नोव्हेंबरअखेर ते एप्रिल. मार्च ते मे उकाडा अंगावर येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारवा असतो आणि धुकंही. मे-जूननंतर पाऊस असतो, पण तो बहुधा दुपारी येतो. म्हणजे सकाळी लवकर सुरुवात करणाऱ्याला पावसाळाही चालतो, फक्त ओल्या चुनखडीवर पाय सरकतो. ख्रिसमस आणि ईस्टरचा आठवडा टाळता आला तर टाळा, कारण त्या दिवसांत स्थानिक लोकांचीही गर्दी असते.

२. मुक्काम

तीन पर्याय आहेत. फ्लोरेसला राहिलात तर खाणंपिणं, एटीएम, औषधाचं दुकान सगळं हाताशी, पण तिकाल ६५ किलोमीटर, म्हणजे दीड तास. एल रेमाते हे तलावाच्या पूर्व काठावरचं गाव अर्ध्या वाटेवर आहे. तिथे शांतता आहे आणि भाडंही कमी. तिसरा पर्याय उद्यानाच्या आतच, संग्रहालयांजवळची मोजकी हॉटेलं. ती महाग आहेत आणि वीज-इंटरनेटच्या बाबतीत त्यांच्याकडून शहरातल्या अपेक्षा ठेवू नयेत. पण पहाटे खोलीच्या दारातून चालायला सुरुवात करता येते आणि दुपारी बाराला, बाकीचे घामाघूम होऊन व्हॅनची वाट बघत असताना, पंख्याखाली आडवं होता येतं. लहान मुलं किंवा सत्तरीतले आई-बाबा बरोबर असतील तर एक रात्र आत काढाच.

३. गाइड निवडणं

ग्वाटेमालात गाइडला इंग्वात या सरकारी पर्यटन संस्थेचा परवाना लागतो आणि त्याचं ओळखपत्र गळ्यात असतं. ते बघायला मागण्यात काही गैर नाही, चांगले गाइड ते स्वतःहून पुढे करतात. गाइड मिळण्याच्या वाटा दोन. एक म्हणजे फ्लोरेसच्या एजन्सीकडून व्हॅनसकट, दुसरी म्हणजे उद्यानात पोचल्यावर पर्यटक केंद्रापाशी उभ्या असलेल्या परवानाधारकांपैकी एकाला ठरवणं.

एजन्सीची सामूहिक सहल स्वस्त पडते, पण तिच्यात एक ठरलेली गोची असते. वीस माणसांचा घोळका, निम्मे स्पॅनिशवाले, निम्मे इंग्रजीवाले. गाइड प्रत्येक वाक्य दोनदा बोलतो आणि प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. चौघांचं कुटुंब असेल तर खासगी गाइड माणशी हिशेबात फारसा महाग पडत नाही. पैसे ठरवताना भाव माणशी आहे की गटाचा, आणि त्यात प्रवेशतिकीट धरलंय का, हे स्पष्ट विचारा. नंतरची वादावादी बहुतेक यावरूनच होते.

भाव ठरण्याआधी पाच मिनिटं गप्पा मारा आणि हे विचारा :

किती तास चालणार? तीन तासांपेक्षा कमी म्हणाला तर तो ग्रेट प्लाझा हा मधला मोठा चौक आणि चौथं मंदिर दाखवून सोडणार. चार ते पाच तास हवेत.

मुंडो पेर्दिदो आणि क्यू संकुल या दोन्ही ठिकाणी नेणार का? ही दोन नावं घेतलीत की तुम्ही थोडं वाचून आलात हे त्याला कळतं आणि त्याचा सूर बदलतो.

पक्षी-प्राणी ओळखता येतात का? पेतेनचे जुने गाइड यात वाकबगार असतात. त्यांच्यापैकी काहींच्या वाडवडिलांनी याच रानात च्युइंगगमसाठी झाडांचा चीक गोळा करण्याचं काम केलेलं असतं.

शेवटचा प्रश्न जरा आगाऊ आहे, पण उपयोगी : "माया लोक नाहीसे कसे झाले?" चांगला गाइड यावर हसतो आणि तुम्हाला दुरुस्त करतो. शहरं ओस पडली, माणसं कुठेही गेली नाहीत. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतःला माया म्हणून नोंदवलं आहे आणि देशात बावीस माया भाषांना मान्यता आहे. फ्लोरेसच्याच बेटावर इत्सा मायांचं शेवटचं स्वतंत्र राज्य होतं आणि ते स्पॅनिशांच्या हाती १६९७ मध्ये पडलं, म्हणजे आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात असताना. उत्तरादाखल गाइड परग्रहवासी किंवा २०१२ चा जगबुडीचा विषय काढू लागला, तर नमस्कार करून दुसरा शोधा.

४. पिशवीत काय

माणशी दोन लिटर पाणी. वापरलेले, पायात बसलेले बूट. नवे कोरे बूट इथे पहिल्यांदा घालू नका. पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा आणि लांब पँट, कारण डासांबरोबर गोचिड्याही आहेत. डासांचं मलम, टोपी, पावसाळ्यात पातळ रेनकोट. पासपोर्ट किंवा निदान त्याची प्रत, कारण तिकीट नावावर निघतं. रोख केत्साल, म्हणजे ग्वाटेमालाचं चलन, लहान नोटांत. उद्यानात एटीएमच्या भरवशावर राहू नका.

दोन वस्तू लोक नेत नाहीत आणि नंतर हळहळतात : एक छोटी पण प्रखर टॉर्च आणि एक दुर्बीण. टॉर्चचा उपयोग पुढे सांगतो.

खाण्याबद्दल शाकाहारी मंडळींसाठी थोडं सविस्तर. काळ्या घेवड्याची उसळ, मक्याच्या तोर्तिया, भात, तळलेली केळी, आवोकादो, अंडी हे कुठेही मिळतं. उपाशी कोणी राहत नाही. पण नुसतं 'वेजेतारियानो' म्हणून भागत नाही, कारण चिकन हे मांसात धरायचं की नाही यावर तिथे मतभेद असू शकतात. "सिन कार्ने, सिन पोयो" म्हणजे मांस नको, कोंबडी नको, असं दोन्ही सांगा. आणि घोटलेल्या घेवड्याबद्दल "सिन मान्तेका" हेही सांगा. मान्तेका म्हणजे चरबी, बहुधा डुकराची. घेवडा त्यात परतायची रीत आहे आणि ताटात बघून ते कळत नाही. सकाळच्या चालण्यासाठी घरचे दशम्या-लाडू असतील तर उत्तम. फक्त अवशेषांवर बसून खाऊ नका, त्यासाठी जागा वेगळ्या आहेत आणि पिसोते नावाचे लांब शेपटीचे, अतिशय निर्लज्ज प्राणी पिशवीत तोंड घालायला टपलेले असतात.

५. सूर्योदयाचं तिकीट घ्यावं का?

उद्यान सकाळी सहाला उघडतं. परदेशी माणसासाठी प्रवेश बराच काळ १५० केत्साल आहे, आणि पहाटे अंधारात चौथ्या मंदिरावर जायचं तर त्यावर आणखी १०० पडतात. ताजे दर निघण्यापूर्वी बघून घ्या. मुख्य फाटकापासून पर्यटक केंद्र अजून १७ किलोमीटर आत आहे आणि त्या रस्त्यावर वेगमर्यादा कडक आहे, रस्त्यावर जग्वारच्या पाट्या उगाच नाहीत.

सूर्योदयाच्या फेरीची जाहिरात फार होते. जंगलाच्या छतावर लाल गोळा उगवताना दिसेल अशी आशा धरून लोक साडेतीनला उठतात, आणि बऱ्याच पहाटे दिसतं ते दुधासारखं पांढरं धुकं. पण ऐकू काय येतं, त्यासाठी मात्र हे तिकीट घेण्यासारखं आहे. आधी एक सारागुआते माकड कुठूनतरी घोगरं ओरडतं. त्याला दुसरीकडून उत्तर येतं आणि मग सगळं रान गर्जायला लागतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो वाघाचा आवाज वाटतो. झोप प्यारी असेल तर सहाच्या ठोक्याला साध्या तिकिटावर आत शिरा. अर्ध्याहून जास्त मैफल तेव्हाही बाकी असते.

६. चालायचा क्रम

बहुतेक घोळके तिकीट तपासलं की थेट ग्रेट प्लाझाकडे वळतात. पहिल्या अर्ध्या तासातच सगळ्यात भव्य दृश्य बघून झालं की नंतरची प्रत्येक इमारत फिकी वाटते. गाइडला सांगा की आपण उलट्या बाजूने, उत्तरेकडून वळसा घालून जाऊ आणि ग्रेट प्लाझा शेवटी ठेवू. त्यात थोडं जास्त चालणं आहे, पण आधी भाषा शिकून मग मजकूर वाचल्यासारखं होतं.

*झाडं.* प्रवेशापाशीच प्रचंड सेइबा आहे. तो ग्वाटेमालाचा राष्ट्रवृक्ष आणि मायांच्या कल्पनेतला पाताळ, पृथ्वी, आकाश जोडणारा वृक्ष. तिथे सगळेच थांबतात. त्यापुढे गाइडला एक झाड मुद्दाम दाखवायला सांगा : चिकोसापोते. आपल्या घोलवड-डहाणूच्या वाड्यांमधला चिकू तो हाच, आणि त्याचं मूळ गाव हे. इथे तो वाडीतल्यासारखा बुटका राहत नाही, सरळ छतापर्यंत जातो. जुन्या खोडांवर जमिनीपासून वर, एकावर एक, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराच्या खाचा दिसतील. चीक काढणाऱ्यांनी कोयत्याने पाडलेल्या त्या वाटा. पांढरा चीक त्यांतून ओघळत खाली पिशवीत जमायचा आणि उकळून त्याचं च्युइंगगम व्हायचं. खाचेच्या कडेवरून बोट फिरवा, साल पुन्हा भरून येऊन ओठासारखी जाड झालेली असते. हे लाकूड लोखंडासारखं टणक. देवळांच्या दारांवरच्या तुळया माया सुतारांनी याच लाकडाच्या केल्या, आणि त्यांतल्या काही बाराशेहून जास्त वर्षं टिकल्या. पुढे प्रत्येक दारात मान वर करून त्या बघायच्या आहेत.

वाटेत गाइड एखादं पान चुरगाळून हातात देईल. लवंग, दालचिनी, जायफळ असा मिसळलेला वास आला तर ते ऑलस्पाइस.

*क्यू संकुल.* इथे घाई करू नका, हा तिकालचा बालवर्ग आहे. पूर्वेला आणि पश्चिमेला समोरासमोर दोन सारखे पिरॅमिड. पूर्वेकडचा साफ करून उभा केलाय, पश्चिमेकडचा मातीझाडांखाली तसाच ठेवलाय. दोन्हींच्या मधे उभं राहून आळीपाळीने बघा. यानंतर रानातली कुठलीही टेकडी तुम्हाला टेकडी वाटणार नाही. २०१८ मध्ये पेतेनच्या सुमारे २,१०० चौरस किलोमीटर भागाचं विमानातून लेसर सर्वेक्षण जाहीर झालं, तेव्हा झाडांखाली साठ हजारांहून जास्त बांधकामं निघाली. ती कशी दिसत असतील याचा नमुना हा पश्चिमेचा पिरॅमिड.

हे संकुल इसवी सन ७७१ मध्ये एक कतुन पूर्ण झाला म्हणून बांधलं. कतुन म्हणजे ७,२०० दिवस, वीस वर्षांना थोडे कमी. पूर्व पिरॅमिडसमोर नऊ कोऱ्या, न कोरलेल्या शिला उभ्या आहेत. दक्षिणेला नऊ दारांची इमारत, उत्तरेला छत नसलेलं एक आवार. सूर्य पूर्व-पश्चिम फिरतो, उत्तर म्हणजे आकाश, दक्षिण म्हणजे पाताळ, अशी याची फोड अभ्यासक करतात.

त्या उत्तरेच्या आवारात २२ क्रमांकाचा एस्तेला, म्हणजे कोरीव शिलास्तंभ आहे. इथे गाइडकडून आकडे शिकून घ्या, दहा मिनिटं पुरतात. ठिपका म्हणजे एक, रेघ म्हणजे पाच, शिंपल्यासारखी खूण म्हणजे शून्य. दोन रेघा आणि तीन ठिपके दिसले की तेरा. तीन रेघा, तीन ठिपके म्हणजे अठरा. या शिलेवरचा दिवस '१३ अहाव १८ कुम्कु' असा लिहिलाय, तो स्वतः शोधा. बरोबरच्या मुलांना हे काम द्या, मोठ्यांच्या आधी त्यांना सापडतं.

टॉर्च इथे काढा. समोरून उजेड टाकला तर दगड सपाट दिसतो. शिलेच्या कडेला उभं राहून, दगडाला जवळजवळ समांतर असा झोत मारा. प्रत्येक खाचेत सावली भरते आणि झिजलेलं कोरीव काम उठून येतं. पिसांचा मुकुट, हातातून सांडणारे दाणे, पायातल्या वहाणा, एकेक दिसू लागतं. हा राजा दुसरा याश नून अहीन. सकाळच्या नाहीतर उतरत्या उन्हात हेच काम सूर्य करतो, म्हणून भर दुपारी एस्तेला बघण्यात अर्थ नाही. फ्लॅशने तर मुळीच नाही.

*चौथं मंदिर.* मॉडस्ले कालसादा या जुन्या उंचवट्याच्या रस्त्याने पुढे जायचं. हे रस्ते मायांनीच बांधलेले, नावं मात्र नंतरच्या संशोधकांची. चौथं मंदिर सुमारे ६५ मीटर उंच आहे, तिकालमधलं सगळ्यात उंच, आणि यिकिन चान काविल या राजाच्या काळातलं, आठव्या शतकाच्या मध्याचं. मूळ दगडी पायऱ्यांवर चढू देत नाहीत. बाजूने लाकडी जिना आहे. गुडघे कुरकुरत असतील तर सावकाश, मधले टप्पे आहेत. वर बसल्यावर पानांच्या समुद्रातून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मंदिरांचे तुरे डोकं काढून उभे दिसतात. दुर्बीण इथे लागते, टूकान आणि पोपट अगदी डोळ्यांच्या रेषेत उडतात.

वर दारांवरच्या तुळयांकडे बघाल तर कोरीव काम दिसणार नाही. १८७७ मध्ये गुस्ताव्ह बर्नुली या स्विस माणसाने त्या काढवून घेतल्या आणि आज त्या बासेलच्या संग्रहालयात आहेत. हे गाइडने न विचारता सांगितलं तर त्याला मनातल्या मनात दहा गुण जास्त द्या.

*मुंडो पेर्दिदो.* घोळके गाळतात तो हा भाग, आणि माझ्या मते ग्रेट प्लाझानंतरचा सगळ्यात महत्त्वाचा. इथलं बांधकाम शहराच्या सुरुवातीच्या काळापासूनचं आहे. मधे मोठा पिरॅमिड, त्याच्या पूर्वेला लांबट चौथरा. पिरॅमिडवरून पूर्वेकडे बघणाऱ्याला वर्षभर उगवत्या सूर्याची जागा चौथऱ्यावर सरकताना दिसते. अशी मांडणी पहिल्यांदा ओळखली गेली ती इथून उत्तरेला वीसेक किलोमीटरवरच्या वाशाक्तून गावात.

शेजारी एका पिरॅमिडच्या पायऱ्यापायऱ्यांच्या अंगावर उतरती भिंत आणि तिच्यावर चौकटीची उभी पट्टी, असा ठेका दिसेल. ही शैली हजार किलोमीटर दूर, मेक्सिको सिटीजवळच्या तेओतिवाकान शहराची. ती इथे कशी आली, हे गाइडला इथेच सांगायला लावा. जानेवारी ३७८ मध्ये सियाह काक नावाचा माणूस पश्चिमेकडून तिकालमध्ये आला. त्याच दिवशी तिकालचा राजा चाक तोक इचाक मेला. पुढच्या वर्षी पहिला याश नून अहीन गादीवर बसला, आणि त्याची चित्रं तेओतिवाकानच्या पेहरावात आहेत. हल्ला होता, सत्तापालट होता की सोयरीक, यावर अजून चर्चा चालू आहे. पण तारीख एकच पडावी हा योगायोग मानायला फार भोळेपणा लागतो.

सात मंदिरांच्या चौकात चेंडूच्या खेळाची तीन मैदानं एकाला एक लागून आहेत, तिथे पाच मिनिटं पुरेत. पाचव्या मंदिराकडे लांबून नजर टाका आणि पुढे व्हा.

*पाणी.* ग्रेट प्लाझाकडे येताना मध्य अक्रोपोलिस या राजवाड्यांच्या समूहाच्या मागे झाडांनी भरलेला खोल दरीसारखा भाग लागतो. लोक तिथून न बघता पुढे जातात. गाइडला थांबवा. तिकालला नदी नाही, तलाव नाही. हजारो माणसं जगली ती पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर, आणि ही दरी म्हणजे राजवाड्याचा जलाशय. वरचे चौक चुन्याच्या गिलाव्याने गुळगुळीत केलेले आणि पाणी इकडे वाहावं असा त्यांना उतार दिलेला. २०२० मध्ये संशोधकांनी दाखवलं की कोरिएंताल या दुसऱ्या जलाशयात पाणी गाळायला झिओलाइट हे खनिज आणि क्वार्ट्झची वाळू वापरली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात राजवाड्याजवळच्या गाळात पारा आणि विषारी शेवाळाच्या खुणा सापडल्या. पारा बहुधा हिंगुळाचा, म्हणजे भिंती आणि थडगी लाल रंगवायच्या रंगाचा. शहर का ओस पडलं याचं उत्तर शोधताना दुष्काळ आणि लढायांच्या जोडीला हा खड्डाही धरावा लागतो. तिकालमधला शेवटचा तारीख कोरलेला एस्तेला ८६९ चा आहे.

*ग्रेट प्लाझा.* आता इथे या, आणि आल्याआल्या फोटो न काढता हिरवळीवर बसा. पूर्वेला पहिलं मंदिर, ४७ मीटर. पश्चिमेला दुसरं. उत्तरेला राजांच्या समाध्यांवर समाध्या चढत गेलेला उत्तर अक्रोपोलिस, दक्षिणेला राजवाडे. सकाळी ऊन पहिल्या मंदिराच्या पाठीशी असतं, त्यामुळे त्याचा चेहरा उजळतो तो दुपारनंतर.

५६२ मध्ये तिकाल हरलं आणि त्यानंतर जवळजवळ १३० वर्षं इथे तारीख असलेला एकही शिलास्तंभ उभा राहिला नाही. ६८२ मध्ये जसाव चान काविल गादीवर आला, ६९५ मध्ये त्याने कट्टर वैरी कालाकमुलच्या राजाला हरवलं, आणि शहराला पुन्हा कंठ फुटला. पहिलं मंदिर म्हणजे त्याची समाधी. पूर्वजांच्या रांगेत उत्तरेला न जाता त्याने चौकाची पूर्व बाजू घेतली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मोहिमेला १९६२ मध्ये मंदिराखाली त्याचं थडगं सापडलं. त्यात जेडचे दागिने होतेच, पण सगळ्यात सुंदर वस्तू म्हणजे बारीक कोरलेली हाडं. एका हाडावर होडी आहे. दोन म्हातारे देव ती वल्हवताहेत, मधे मक्याचा देव, आणि त्याच्यासोबत इग्वाना, माकड, पोपट, कुत्रा असे प्रवासी. सगळे हात कपाळाशी नेऊन बसलेले.

पहिल्या मंदिरावर चढायला बंदी आहे. दुसऱ्याच्या मागून लाकडी जिन्याने सज्जापर्यंत जाता येतं, प्रसिद्ध फोटो तिथूनच निघतो. तो काढून झाला की मध्य अक्रोपोलिसच्या खोल्यांमध्ये शिरा. खोल्या इतक्या अरुंद का, तर मायांना कमान माहीत नव्हती. दोन्ही बाजूंचे दगड थोडे थोडे पुढे काढत वर जुळवायचे, त्यामुळे रुंदीला मर्यादा येते. आपल्या हेमाडपंती देवळांची छतंही दगड पुढे सारत मिटवलेली असतात, त्यामुळे मराठी माणसाला हे चटकन कळतं. इथेही टॉर्च भिंतीलगत धरा. गिलाव्यावर मायांनीच ओरखडून काढलेली चित्रं दिसतील, पालख्या, देवळं, माणसं. आजच्या प्रेमवीरांची नावंही दिसतील. त्यांच्यात भर घालू नका.

चौकात एखादे वेळी माया कुटुंब विधी करताना भेटेल : मेणबत्त्या, कोपाल या धुपासारख्या डिंकाचा धूर, फुलं. त्यांच्या दृष्टीने हे आजही देवस्थान आहे. लांबून बघा, विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नका, आणि त्यांच्या आणि अग्नीच्या मधून चालत जाऊ नका.

७. गाइड गेल्यावर

चार-पाच तासांनी गाइड निरोप घेईल. बक्षिशी देण्याची पद्धत आहे, काम आवडलं तर ठरलेल्या रकमेच्या दहा-पंधरा टक्के द्या, हातात, आभार मानून. तिकीट दिवसभराचं असतं. जेवून, थोडं पडून दुपारी तीननंतर एकटेच परत आत जा. सकाळी शिकलेले आकडे ग्रेट प्लाझातल्या एस्तेलांच्या रांगेवर वापरून बघायची हीच वेळ. ऊन तिरकं असतं आणि व्हॅनमधले घोळके गेलेले असतात.

बाहेर पडताना संग्रहालय उघडं असेल तर ३१ क्रमांकाचा एस्तेला बघा. ३७८ ची हकिगत त्याच्यावरच कोरलेली आहे. मधे राजा सियाह चान काविल, पूर्ण माया थाटात. दोन्ही बाजूंना त्याचा बाप, म्हणजे पहिला याश नून अहीन, तेओतिवाकानच्या सैनिकाच्या वेशात.

फ्लोरेसला परतणाऱ्या शेवटच्या व्हॅनची वेळ सकाळी उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा, कारण ती हंगामाप्रमाणे बदलते आणि चुकली तर टॅक्सीवाला मागेल तेवढे द्यावे लागतात. हाताशी आणखी एक दिवस असेल तर बेलीझच्या वाटेवरचं याशा करा. तळ्याकाठचं ते शहर संध्याकाळी बघायचं असतं, त्यामुळे सकाळी पाय दुखत असले तरी चालतं.